दुकानात आलेला फोन आणि न मागितलेले बिल

मार्चअखेरीस हिशेब मिटवायला बसलो की लहान व्यापाऱ्यांच्या वह्यांत एक नोंद मला वारंवार भेटते: ‘जाहिरात खर्च, ₹५,९००’. पाच हजार मूळ रक्कम आणि तिच्यावर १८ टक्के जीएसटी. ही जाहिरात कुठे आली, ती द्यायचे कोणी ठरवले, असे विचारले की मालक मुलाकडे पाहतो, मुलगा काउंटरवरच्या माणसाकडे पाहतो आणि तो म्हणतो, ‘‘फोन आला होता त्यांचा, पत्ता तेवढा विचारत होते.’’ इंदूरमध्ये हिशेबाची आणि कराची कामे करताना सियागंजातल्या घाऊक पेढीपासून राजेंद्रनगरात घरून भाजणी आणि लोणची विकणाऱ्या काकूंपर्यंत इतक्या ठिकाणी मी ही नोंद पाहिली आहे, की तिला कोणा एकाचा निष्काळजीपणा म्हणणे मला आता पटत नाही. ती एक ठरलेली पद्धत आहे आणि ती कशी चालते हे समजून घेतले, तर तिच्यापासून वाचता येते.

ओटीपी विचारून बँकेतले पैसे पळवणाऱ्या फोनविषयी आता घरोघरी बोलले जाते. व्यवसायांना येणारा हा फोन मात्र वेगळा असतो. तो ओटीपी मागत नाही आणि खातेही रिकामे करत नाही. तो आल्यावर काही दिवसांनी रीतसर छापलेले बिल येते, मालक त्यावर स्वतः पैसे देतो, वहीत नोंद होते आणि सगळे व्यवहार जागच्या जागी बसलेले दिसतात. म्हणूनच त्याला चोरी म्हणण्याचे कोणाच्या मनात येत नाही.

## लबाडी नेमकी कुठे शिरते

फोनवरून माल किंवा सेवा विकण्याला टेलिमार्केटिंग म्हणतात आणि त्यात मुळात वाईट काही नाही. पॅकिंगच्या पिशव्यांचा नवा भाव सांगायला एखाद्या कारखान्याने सांवेर रोडवरून फोन केला, तर तो व्यापारच आहे. हा व्यवहार फसवा ठरतो तो बोलणारा कोण आहे, आपण त्याच्याकडून काही मागितले आहे की नाही आणि त्याचे किती पैसे पडणार आहेत, या तीन गोष्टींपैकी एखादी खोटी सांगितली किंवा लपवली तर.

यातली खरी मेख समजायला घरचे उदाहरण घेऊ. एका घरात सकाळी दूध आजी घेतात आणि महिन्याचे पैसे सूनबाई देतात. नवा दूधवाला आजींना सांगतो, ‘‘वहिनींनी उद्यापासून अर्धा लिटर जास्त सांगितले आहे.’’ महिनाअखेरीला सूनबाईंनी विचारले की तो म्हणतो, ‘‘आजी रोज घेत होत्या, विचारा त्यांना.’’ आजींनी दूध घेतले हे खरेच असते. दोघींपैकी कोणीही ते मागितलेले नसते, पण प्रत्येकीला वाटते की दुसरीने मागितले असेल, आणि पैसे दिले जातात.

दुकान असो वा कारखाना, तिथे फोन घेणारा, माल उतरवून घेणारा, बिल फाईलला लावणारा आणि पैसे देणारा ही बहुधा वेगवेगळी माणसे असतात. त्यांच्यामध्ये जी मोकळी जागा राहते, तिथेच हा सगळा धंदा उभा आहे. लहान दुकानात ही जागा वडील आणि मुलगा यांच्यामध्ये असते, मोठ्या ठिकाणी दोन विभागांमध्ये असते, एवढाच फरक.

## एकाऐवजी दोन फोन

पहिला फोन काही विकत नाही. ‘‘भैया, बस पता वेरिफाय करना था,’’ असे म्हणून तो दुकानाचे पूर्ण नाव, जीएसटी क्रमांक, खरेदी कोण पाहतो त्याचे नाव आणि प्रिंटर कोणत्या कंपनीचा आहे, असे निरुपद्रवी वाटणारे तपशील काढून घेतो. दुसरा फोन काही दिवसांनी येतो आणि हेच तपशील आपल्याला परत ऐकवतो. ज्याला आपल्या प्रिंटरचे मॉडेल माहीत आहे आणि जो आपल्या मॅनेजरचे नाव घेऊन बोलतो, तो जुना पुरवठादारच असणार, असे ऐकणारा मनाशी जुळवून घेतो. मग ‘भाव वाढणार आहेत, जुन्या भावातला शेवटचा माल पाठवतो’ असे सांगून पार्सल येते आणि त्यामागून बाजारभावाच्या कितीतरी पट बिल.

अमेरिकेत हा प्रकार इतका जुना आहे, की प्रिंटरची शाई खपवणाऱ्या अशा ठगांना तिथे ‘टोनर फोनर’ असे नावच पडले. तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने १९९५ मध्ये फोनवरील विक्रीसाठी नियम केले, तेव्हा व्यवसायांना केलेले बहुतेक फोन त्यांतून वगळले होते, पण कार्यालयात आणि साफसफाईसाठी लागणाऱ्या, वापरून संपणाऱ्या वस्तूंच्या फोनला ही सूट दिली नव्हती. व्यवसायांना केलेल्या इतर फोनवरही खोटी विधाने करण्यास या नियमांखाली बंदी आणायला मार्च २०२४ उजाडावा लागला. ब्रिटनने १९७१ च्याच कायद्यात व्यवसायांच्या डिरेक्टरीतील नोंदीचा वेगळा विचार केला होता आणि सही केलेली मागणी हाती नसताना अशा नोंदीचे पैसे मागता येणार नाहीत, अशी तरतूद केली होती. व्यापार करणारा माणूस स्वतःचे हित स्वतः पाहू शकतो, हे गृहीत धरूनच जगभरचे बहुतेक कायदे लिहिले गेले आणि ठगांना नेमकी ती जागा सापडली.

## कोणकोणत्या नावांनी हा फोन येतो

सगळ्यांत परिणामकारक नाव सरकारचे. ‘एमएसएमई विभागातून बोलतो, आपल्या उद्यम प्रमाणपत्राची मुदत संपत आली आहे, नूतनीकरणाचे शुल्क आजच भरा,’ असा फोन आला की भल्याभल्यांची तारांबळ उडते. वस्तुस्थिती अशी की सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांसाठी (म्हणजेच एमएसएमईंसाठी) १ जुलै २०२० पासून सुरू झालेली उद्यम नोंदणी पूर्णपणे मोफत आहे, ती सरकारच्या पोर्टलवर स्वतः करता येते आणि तिचे नूतनीकरण करावेच लागत नाही. जीएसटी क्रमांक घेण्यासाठीही सरकार शुल्क आकारत नाही. जे काम सरकार फुकट करते त्याचे पैसे मागणारा माणूस फार तर खाजगी दलाल असतो. दलालाने आपली मजुरी उघडपणे सांगून घ्यावी, त्याला हरकत नाही. पण त्याने आपण विभागातूनच बोलतो असे सांगितले, तर ती तोतयेगिरी आहे.

त्याखालोखाल नकाशावरच्या नोंदीचा क्रमांक लागतो. ‘गूगलवरून तुमचे दुकान उद्या काढून टाकले जाईल’ ही धमकी पोहे-जिलेबीच्या गाडीवाल्यापासून दवाखान्यापर्यंत सर्वांना ऐकायला मिळते, पण गूगलवर व्यवसायाची नोंद ठेवायला पैसे लागतच नाहीत. डिरेक्टरीवाले पहिल्या वर्षी नोंद मोफत करतात आणि दुसऱ्या वर्षी ‘नूतनीकरणा’चे बिल पाठवतात, मूळ नोंदच आपण मागितली नव्हती, हे तोवर विसरायला झालेले असते. कार्डाचे मशीन ‘फुकट’ देऊन दरमहा भाडे कापले जाते.

पुरस्काराचा फोन मला विशेष खटकतो. घरून व्यवसाय करणाऱ्या एखाद्या बाईंनी जत्रेत स्टॉल लावला, क्रमांक फलकावर लिहिला, की काही आठवड्यांत ‘उत्कृष्ट उद्योजिका म्हणून आपली निवड झाली आहे’ असा फोन येतो आणि बोलण्याच्या शेवटी समारंभाचे, स्मृतिचिन्हाचे आणि छायाचित्राचे शुल्क निघते. ज्या बाईच्या कष्टांना घरात कोणी कधी कौतुकाने नाव दिले नाही, तिच्या मनातल्या त्या रिकाम्या जागेचा असा वापर केला जातो, हे मला साध्या बिलाच्या फसवणुकीपेक्षा अधिक निर्दय वाटते.

## ‘‘धंदा करणारी माणसे फसतात तरी कशी?’’

हा प्रश्न विचारणारे असे धरून चालतात, की मालक फोनवर बसून प्रत्येक गोष्टीचा सौदा करतो. प्रत्यक्षात फोन करणारा माणूस सौदा करण्याची वेळच येऊ देत नाही. रक्कम तो अशी निवडतो, की ती तपासण्यात घालवलेला वेळच मालकाला महाग वाटावा. फोनही गर्दीच्या वेळी येतो. दिवाळीच्या आदल्या आठवड्यात नमकीनच्या दुकानात ज्याने उभे राहून पाहिले आहे, त्याला ‘हो हो, पाठवा’ हे शब्द तोंडून कसे निघतात ते सांगायला नको.

शिवाय आपला क्रमांक त्याला कुठून मिळाला याचे गूढ वाटण्याचे कारण नाही. दुकानाच्या पाटीवर, बिलावर, इंटरनेटवर आपण तो स्वतःच लिहितो, कारण गिऱ्हाइकाने फोन करावा अशी आपली इच्छा असते. अनोळखी फोन न उचलणे हा सल्ला घरच्या माणसाला देता येतो. दुकानदाराला तो देता येत नाही.

## ‘‘फोनवर ‘हो’ म्हटले, म्हणजे करार झालाच ना?’’

या प्रश्नापाशी सर्वाधिक गोंधळ होतो, म्हणून येथे थोडे थांबू. भारतीय करार कायदा १८७२ चा आहे आणि त्याखाली तोंडी करारही सामान्यतः चालतो, हे खरे. पण करारासाठी संमती लागते आणि कलम १३ नुसार संमती म्हणजे दोन्ही पक्षांनी एकाच गोष्टीला एकाच अर्थाने होकार देणे. ‘‘आपण दुकानातूनच बोलताय ना?’’ ‘‘हो.’’ ‘‘पत्ता जेल रोडचाच ना?’’ ‘‘हो.’’ या दोन ‘हो’ पत्त्याला दिलेल्या आहेत, पाच हजारांच्या जाहिरातीला नाहीत. ध्वनिमुद्रणाचा तेवढाच तुकडा ऐकवून कोणी पैसे मागत असेल, तर संपूर्ण मुद्रण मागावे. शिवाय भारतीय साक्ष अधिनियम १ जुलै २०२४ पासून लागू आहे आणि त्याच्या कलम ६३ प्रमाणे असे मुद्रण न्यायालयात पुरावा म्हणून मांडताना सोबत ठरलेले प्रमाणपत्रही द्यावे लागते.

खोटे सांगून संमती मिळवली असेल, तर करार कायद्याचे कलम १७ त्याला कपट म्हणते आणि कलम १९ नुसार फसवल्या गेलेल्या पक्षाला तो करार रद्द करता येतो. मात्र याच कलमात एक अपवाद आहे: समोरच्याने सांगितलेली चुकीची गोष्ट त्याला स्वतःला खरी वाटत असेल, किंवा त्याने फक्त गप्प राहून फसवले असेल, आणि साधी चौकशी करून आपल्याला खरे कळू शकले असते, तर ही सवलत मिळत नाही. म्हणून ‘मी विचारलेच नाही’ हा बचाव नेहमी पुरेसा पडत नाही.

दोन बाबतींत आपणच आपली बाजू कमकुवत करतो. पहिली म्हणजे न मागवलेले पार्सल फोडून वापरणे. कलम ७० सांगते, की एखाद्याने फुकट देण्याचा हेतू नसताना कायदेशीरपणे काही वस्तू दिली किंवा काम केले आणि दुसऱ्याने त्याचा लाभ घेतला, तर लाभ घेणाऱ्याने भरपाई द्यावी. बिलातली फुगवलेली किंमत त्याने आपोआप लागू होत नाही, पण वादाला आधार मिळतो. तेव्हा पार्सल न उघडता बाजूला ठेवावे आणि ‘आपला माल घेऊन जा’ असे लेखी कळवावे. दुसरी बाब नोकराच्या अधिकाराची. नोकराला खरेदीचा अधिकार नसला, तरी तो आहे असा समज मालकाने आपल्या शब्दांनी किंवा वागण्याने बाहेरच्यांना करून दिला असेल, तर कलम २३७ नुसार मालक बांधला जाऊ शकतो. काउंटरवरच्या मुलाने घेतलेल्या तीन पार्सलांचे पैसे आपण मुकाट्याने दिले, तर चौथ्या वेळी ‘त्याला अधिकार नव्हता’ हे म्हणणे जड जाते.

## जीएसटीच्या पोर्टलवर गप्प राहण्याचा अर्थ

आम्हा हिशेब पाहणाऱ्यांचाही यात दोष आहे आणि तो मी मोकळेपणाने मान्य करतो. विक्रेता आपले विवरण भरताना आपल्या जीएसटी क्रमांकावर बिल चढवतो आणि ते आपल्या पोर्टलवर दिसू लागते. ऑक्टोबर २०२४ पासून तिथे अशी बिले स्वीकारण्याची, नाकारण्याची किंवा प्रलंबित ठेवण्याची सोय झाली आहे, परंतु काहीच न केल्यास बिल स्वीकारले असे धरले जाते. करार कायद्यात गप्प राहणे म्हणजे होकार नसतो. या पोर्टलवर मात्र, निदान करापुरता, तो होकार ठरतो.

घाईत असलेला हिशेबनीस यादीतल्या सगळ्या बिलांचा कर वजा करून घेतो आणि न मागवलेल्या ₹५,९०० च्या बिलावरचे ₹९०० आपल्या विवरणात येऊन बसतात. न मिळालेल्या सेवेवर करसवलत घेणे मुळात नियमबाह्य आहेच, पण उद्या वाद झाला तर ‘तुम्ही तर यावर कर वजा करून घेतला आहे’ हे समोरच्याच्या हाती दिलेले शस्त्रही ठरते. दर महिन्याला ही यादी मालकाने स्वतः एकदा वाचावी. अनोळखी नाव दिसले तर फोन कोणी घेतला होता ते दुकानात विचारावे आणि मगच ते बिल नाकारावे किंवा स्वीकारावे.

## ‘‘ग्राहक आयोगात का जाऊ नये?’’

कारण २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याच्या व्याख्येत व्यापारी हेतूने माल किंवा सेवा घेणारा ‘ग्राहक’ बसत नाही. स्वतः राबून केवळ उपजीविका चालवण्यासाठी ज्याने माल घेतला, त्याला त्यात अपवाद आहे, म्हणून एकटीने शिलाई करणाऱ्या बाईंनी हा रस्ता आजमावून पाहायला हरकत नाही. चार नोकरांच्या पेढीला मात्र दिवाणी न्यायालय किंवा पोलीस हेच मार्ग उरतात, आणि पाच-सहा हजारांसाठी दिवाणी दावा कोण लावतो? फोन करणाऱ्याचे गणितही याच प्रश्नावर बसलेले आहे.

## ‘‘डीएनडी लावले की प्रश्न मिटला नाही का?’’

डीएनडी म्हणजे जाहिरातीचे फोन नकोत अशी आपल्या क्रमांकावर केलेली नोंद. तिने नोंदणीकृत कंपन्यांच्या जाहिरातींपुरता प्रश्न बराचसा मिटतो. दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या, म्हणजे ट्रायच्या, नियमांनुसार जाहिरातीच्या फोनसाठी १४० ने सुरू होणारे क्रमांक ठरवून दिले आहेत, तर बँका आणि इतर वित्तसंस्थांच्या सेवेच्या फोनसाठी १६०० ची मालिका आहे. साध्या दहा आकडी मोबाईलवरून जाहिरातीचे फोन करणे नियमात बसत नाही आणि फसवणारा बहुधा तिथूनच फोन करतो. त्याला आपल्या पसंतीच्या यादीशी देणेघेणे नसते. तरीही १९०९ वर तक्रार करावी, कारण फेब्रुवारी २०२५ च्या दुरुस्तीने त्यासाठी तीनऐवजी सात दिवसांची मुदत दिली आहे, त्यासाठी आधी डीएनडी लावलेले असण्याची अट नाही, आणि नोंदणी नसलेल्या क्रमांकांवरील कारवाईचा अवधीही ३० दिवसांवरून पाच दिवसांवर आणला आहे. सरकारी किंवा बँकेच्या नावाने आलेल्या संशयास्पद फोनची खबर दूरसंचार विभागाच्या ‘संचार साथी’ पोर्टलवरील ‘चक्षु’ या सुविधेत देता येते. फसून पैसे गेलेच असतील, तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर त्याच तासाला फोन करावा.

## वकिलाची नोटीस आली तर

पैसे नाकारल्यावर पुढचा फोन ‘लीगल डिपार्टमेंट’चा येतो, कधी खरोखरच नोटीसही येते. नोटीस म्हणजे न्यायालयाचा आदेश नव्हे. ती समोरच्या पक्षाची मागणी असते. तिला उत्तर मात्र द्यावे, लेखी आणि लगेच. ‘तुमचा सिबिल स्कोअर खराब करू’ या धमकीत अर्थ नाही, कारण ती माहिती बँका आणि वित्तसंस्था पुरवतात, जाहिरात विकणारा नाही.

एका धमकीकडे मात्र लक्ष द्यावे. २००६ च्या एमएसएमई कायद्याखाली सूक्ष्म किंवा लघु पुरवठादाराचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात आणि उशीर झाल्यास बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागते. हा कायदा प्रामाणिक लघुउद्योगांसाठी आहे, पण फसवा विक्रेताही त्याचा धाक घालतो. त्याच कायद्यात असे आहे, की माल मिळाल्यापासून १५ दिवसांत खरेदीदाराने लेखी हरकत घेतली नाही, तर माल मिळाल्याच्या दिवशीच तो स्वीकारला असे धरले जाते. म्हणून हरकत फोनवर घेऊ नये. ‘आपला फोन अमुक तारखेला आला, आम्ही कोणतीही मागणी नोंदवलेली नाही, आपले बिल आम्हांला मान्य नाही’ एवढी तीन वाक्ये पंधरा दिवसांच्या आत ईमेलने किंवा स्पीड पोस्टाने गेली, तर ती पुढच्या अनेक पानांचे काम करतात.

‘जाऊ द्या, पाच हजार देऊन टाकू’ असे म्हणणाऱ्यांना माझा अनुभव एवढाच सांगतो, की ज्याने एकदा दिले त्याचे नाव पुढे विकले जाते. त्याला त्या वर्षी अधिक फोन येतात, आणि काही काळाने ‘तुमचे बुडालेले पैसे मिळवून देतो, फक्त शुल्क भरा’ असाही एक येतो.

## प्रामाणिक विक्रेते आणि फोनच्या दुसऱ्या टोकाची मुले

सगळेच फोन संशयाने घेतले तर चांगल्या विक्रेत्यांवर अन्याय होईल, ही हरकत रास्त आहे. पण दोघांना वेगळे करणे अवघड नाही. ‘‘सगळे ईमेलवर पाठवा, आम्ही वाचून सही करून कळवू’’ असे म्हटल्यावर चांगला विक्रेता ईमेल पाठवतो आणि थांबतो. फसवणारा थांबू शकत नाही. माझ्या ओळखीच्या काही दुकानांत हेच वाक्य फोनशेजारी चिकटवून ठेवले आहे. नव्या मुलाला त्यामुळे फोनवर निर्णय घ्यावाच लागत नाही, आणि नंतर त्याला रागावण्याची वेळही येत नाही.

इंदूरला या विषयाची दुसरीही बाजू आहे. बनावट गुंतवणूक सल्ला देणाऱ्या येथील अनेक कंपन्यांवर सेबीने कारवाई केली आहे, आणि परदेशी लोकांना फोनवरून लुटणारी कॉल सेंटरेही पोलिसांनी या शहरात उघडकीस आणली आहेत. तिथे खुर्चीवर बसलेली मुले बहुतेक करून पहिल्याच नोकरीत असतात. ‘टेलिकॉलर पाहिजे, अनुभवाची गरज नाही’ अशी जाहिरात वाचून आपल्या घरचे कोणी निघाले असेल, तर वाचायला दिलेल्या कागदावर स्वतःच्या कंपनीचे खरे नाव घ्यायचे आहे की दुसऱ्या कोणाचे, हे त्याला पहिल्याच दिवशी पाहायला सांगा. ‘विभागातून बोलतो आहे’ असे त्या कागदावर लिहिलेले असेल, तर त्याने दुसऱ्या दिवशी तिथे जाऊ नये. फसवून पैसे द्यायला लावणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खालील गुन्हा आहे, त्याला सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, आणि खोटे आहे हे माहीत असूनही वाचणाऱ्याला ‘मी केवळ कागद वाचत होतो, पगार महिना बारा हजार होता’ असे सांगून सुटता येत नाही.